कुत्र्याचं पान

संध्याकाळी कुत्र्यांना खायला घालायच्या वेळी मी खाली यायचं नाही, असा आमच्या घरचा नियम होता. नियम बायकोचा. अ‍ॅल्युमिनियमच्या थाळीत पोळीचे तुकडे आणि भात कालवून ती जिना उतरायला निघायची आणि दारातच वळून म्हणायची, "तुम्ही वरच थांबा हं. काही आणायला म्हणूनसुद्धा येऊ नका." मी वरच थांबायचो. गॅलरीतही उभं राहायचं नाही. आतल्या खुर्चीत बसून, वाळत घातलेल्या कपड्यांच्या फटीतून जेवढं दिसेल तेवढं बघायचं.

याला कारण माझी नोकरी. मी महापालिकेच्या श्वान पथकाचा पर्यवेक्षक आहे. रस्त्यावरची कुत्री जाळ्यात धरायची, पिंजऱ्याच्या गाडीतून केंद्रावर न्यायची. तिथे डॉक्टर त्यांची नसबंदी करतात, रेबीजची लस टोचतात आणि खूण म्हणून एका कानाला काप देतात. जखम भरली की ज्या गल्लीतून उचललं त्याच गल्लीत आणून सोडायचं. यातलं माझं काम म्हणजे गाडीत पुढे बसणं, पत्ता शोधणं, लोकांशी बोलणं आणि कुत्रं दिसलं की बोट दाखवणं. जाळं मी कधी हातात घेतलं नाही. पण कामाच्या या वाटण्या कुत्र्यांना कळत नाहीत. त्यांना गाडी कळते, गाडीचा वास कळतो आणि त्या वासाची माणसं कळतात.

मी या कामात ठरवून आलो नाही. इतिहासात एम. ए. केलं होतं, पुढे वाचत राहावं एवढीच इच्छा होती, आणि पोटासाठी शीळफाट्याच्या बाजूला एका जकात नाक्यावर कारकून होतो. ट्रक थांबलेले असताना पुस्तक वाचायला वेळ मिळायचा. जकात बंद झाली आणि आम्हा कारकुनांना जागा असेल त्या खात्यात वाटून टाकलं. कोणी पाणी खात्यात गेलं, कोणी उद्यान खात्यात. मला हे मिळालं. लोकांना वाटतं, आम्ही कुत्री मारतो. काहींना वाटतं, आम्ही ती मारायला हवीत आणि मारत नाही. दोन्ही मतांची माणसं एकाच सोसायटीत असतात, आणि गाडी गेटात शिरली की दोघंही एकदमच शिव्या द्यायला लागतात. मी सवयीने ऐकून घ्यायला शिकलो. कुत्र्यांच्या वागण्याची मात्र सवय झाली नाही.

मी रस्त्याने चालत निघालो की कुत्री उठून जातात. भुंकत नाहीत. भुंकली असती तर बरं वाटलं असतं. पडल्या जागेवरून डोकं उचलतात, बघतात, आणि शेपूट पोटाखाली घेऊन भिंतीच्या कडेने निघून जातात. एकदा डोंबिवलीला बायकोच्या मावसभावाचं लग्न होतं. त्या गल्लीत मी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं. मांडवाबाहेर खरकट्यासाठी कुत्री जमली होती, ती माझ्याकडे बघून एकेक करून पांगली. बायको तोंडाला पदर लावून हसत राहिली. "कल्याण-डोंबिवलीपर्यंत ख्याती पोचली हो तुमची," म्हणाली. "नवीन सुना सासऱ्याला बघून आत पळतात ना, तसं झालंय तुमचं."

मी अंघोळीच्या पाण्यात डेटॉल घालायचो. कामाचे कपडे केंद्रावरच ठेवायचो. चपला वेगळ्या. काही उपयोग झाला नाही. ती म्हणायची, वास कपड्यांना नाही, तुम्हालाच लागलाय आता.

आमची वर्तकनगरची जुनी कॉलनी. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. तळाशी जिन्याखाली एक मोकळी जागा आहे. तिथे एक फिकट पिवळ्या रंगाची कुत्री राहायची. बायकोने तिला नाव ठेवलं नव्हतं. नाव ठेवलं की आपली होते, आणि आपली झाली की जबाबदारी, असं तिचं म्हणणं. ती तिला नुसतं 'खालची' म्हणायची. "खालचीचं दूध वेगळं काढा." "खालची आज सुस्त आहे." आम्हाला मूल नव्हतं. कॉलनीतल्या बायका दोन गोष्टींचा संबंध लावायच्या. ती लावत नसे, म्हणून मीही लावत नाही.

खालचीच्या उजव्या कानाला काप होता. तो आमच्याच गाडीचा. तरुण असताना तिला आम्हीच उचललं होतं. ती नेमकी याच जिन्याखाली दडली होती, आणि मी नेहमीच्या सवयीने बोट दाखवलं होतं. ठरल्याप्रमाणे तिला परत आणून सोडलं. त्यानंतर तिने मला कधी जवळ येऊ दिलं नाही. मी कामावरून आलो की माझ्या पावलांचा आवाज ओळखून ती जिन्याखालून बाहेर पडायची आणि मी वर पोचेपर्यंत मागच्या भिंतीशी थांबायची. दार लागल्याचा आवाज आला की परत यायची. वर्षानुवर्षं एका जिन्यावर आम्ही असे राहिलो. एकीकडे मी वर जाणार, एकीकडे ती बाजूला होणार. बायको दोघांच्या मधे.

फटीतून मला दिसायचं ते एवढंच. बायको "यू यू" करून हाक मारायची आणि पायरीवर बसायची. दोन-तीन इतर कुत्री पुढे यायची, खालची सगळ्यांत मागे. इतरांना घालून झालं की बायको थाळी घेऊन खालचीकडे जायची. खालची आधी तिच्या हाताचा वास घ्यायची, मग खायची. खाऊन झाल्यावर काही क्षण कपाळ तिच्या गुडघ्याला टेकवून उभी राहायची. बायको तेव्हा काहीतरी बोलत असे. काय, ते मला कधी ऐकू आलं नाही. मी विचारलंही होतं. "तुमच्या तक्रारी सांगते," म्हणाली.

मग बायकोचं आजारपण आलं. पोटाचा कर्करोग, आणि कळला तोवर उशीर झालेला. त्याबद्दल मला फार लिहिता येणार नाही. आधी जिना उतरणं बंद झालं, मग पलंगावरून उठणं. पलंग मी गॅलरीच्या दाराशी आणून ठेवला, कारण तिला खालचे आवाज ऐकायचे असत. तळमजल्यावरच्या काकू, आमच्या जुन्या शेजारीण, संध्याकाळी थाळी खाली न्यायच्या. थाळीचा फरशीवर आवाज झाला की ती डोळे मिटून ऐकायची. "खालचीने खाल्लं का?" हा रोजचा प्रश्न. काकू खालूनच ओरडायच्या, "खाल्लं गं! आधी तुझ्या दाराकडे बघितलंन, मग खाल्लंन!"

शेवटच्या दिवसांत एका दुपारी तिला जरा बरं वाटत होतं. मी तिच्या उशाशी वाचत होतो. ती म्हणाली, "एक सांगू का? हसू नका."

"सांग."

"माझ्या तेराव्याला कुत्र्याचं पान वाढतात ना, ते खालचीला द्या. दुसऱ्या कुणाला नाही. खीर, वडे, सगळं घाला. पोटभर जेवू दे तिला."

मी पुस्तक मिटलं.

"आणि तुम्ही खाली जाऊ नका," ती म्हणाली. "काकूंना सांगा. तुम्ही गेलात तर माझं पान तसंच राहील."

एवढंच तिने मागितलं. आमच्या सबंध संसारात तिने माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. जे हवं ते ती स्वतः करायची. हे एकच तिला स्वतःला करता येण्यासारखं नव्हतं.

ती गेली तेव्हा मी शेजारीच होतो. पुढच्या दिवसांत माझी मोठी बहीण टिटवाळ्याहून राहायला आली. घर तिने हातात घेतलं. बहीण मनाने चांगली, हाताने झपाट्याची आणि तोंडाने फटकळ. येताच तिने बायकोचे सगळे कपडे काढले, धुतले, वाळवले, घड्या केल्या आणि बहुतेक वाटून टाकले. आमच्याकडे तसंच करतात. एक सुती साडी मी मागून घेतली. तीही धुवून, खळ लावून, इस्त्री होऊन माझ्या हातात आली.

दहाव्याला घाटावर कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून मागे होतो न होतो तोच. बहिणीने डोळे पुसले आणि म्हणाली, "बघ, काही राहिलं नव्हतं तिचं. सुखाने गेली." मला माहीत होतं, एक राहिलं होतं. ते कावळ्याच्या हातातलं नव्हतं.

तेराव्याची सगळी तयारी मी बारकाईने केली. पान वाढायचं ते बहिणीने. खाली न्यायचं ते काकूंनी. मी आत. खालची इतके दिवस जिन्याखालीच होती, काकूंच्या हातचं थोडंथोडं खात होती. आदल्या दिवशी मी काकूंना तीनदा तेच सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, "अहो, लग्नाची पंगत आहे की काय? नेते ना मी. तुम्ही शांत बसा."

सकाळचे विधी उरकले. ब्राह्मण जेवायला बसायच्या आधी बहिणीने तीन पानं काढली, गाईचं, कावळ्याचं आणि कुत्र्याचं. कुत्र्याच्या पानावर तिने भात, वडे, खीर आणि घेवड्याची भाजी वाढली. काकू ते दोन्ही हातांत धरून खाली गेल्या. मी कपड्यांच्या फटीशी उभा राहिलो. त्या दिवशी दोरीवर माझेच शर्ट होते.

काकूंनी पान जिन्याच्या तोंडाशी ठेवलं. "यू यू" म्हणाल्या. त्यांची हाक वेगळी आहे, जाडसर, पण खालची आली. अंग ताणलं, शेपूट हलवली, वर आमच्या दाराकडे पाहिलं. मग पानाजवळ येऊन तिने काकूंच्या हाताचा वास घेतला, आणि खिरीच्या द्रोणाकडे नाक नेलं.

तेवढ्यात गेटाशी गाडीचा आवाज आला.

मी तो आवाज झोपेतही ओळखतो. तिनेही ओळखला. मान वर झाली, कान मागे गेले, आणि पुढच्या क्षणी जिन्यापाशी कोणी नव्हतं. कॉलनीतली इतर कुत्रीही मागच्या भिंतीवरून, नाल्याच्या बाजूने, मिळेल त्या वाटेने गेली. अंगणात पान आणि पानाशी वाकलेल्या काकू.

गाडीतून माझे चौघे सहकारी उतरले. सकाळची फेरी आटोपून, पिंजरे केंद्रावर रिकामे करून ते थेट आले होते. चौघांनी गाडीतच पांढरे शर्ट चढवले होते, केसांना पाणी लावून भांग पाडला होता. एकाच्या हातात हार होता. मला कोणी सांगितलं नव्हतं की ते येणार. मी त्यांना बोलावलं नव्हतं, आणि अशा जेवणाला बोलावणं करायचं नसतं, हे त्यांना माहीत होतं. आपला माणूस दुःखात आहे, म्हणून ते आले. गाडी गेटाशी लावल्याने काय होईल, हे चौघांच्याही मनात आलं नाही. ते रोज तिच्यातूनच फिरतात. पायातल्या चपलेचा विचार माणूस करतो का?

वर येऊन त्यांनी फोटोला हार घातला, हात जोडले. पथकातला मुख्य जाळेवाला, इथल्याच जुन्या गावातला, वयाने माझ्याएवढा, त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. त्याचे डोळे भरले होते.

मागोमाग काकू आल्या. "अहो, ती पळाली," त्या हळूच म्हणाल्या. पण बहिणीने ऐकलं.

"म्हणजे? पान तसंच?"

"तसंच आहे."

बहीण माझ्याकडे वळली. तेरा दिवसांचा शीण, रडणं, सगळं तिच्या आवाजात होतं. "जन्मभर कुत्री धरलीस रे, आणि आज एक कुत्रं बायकोच्या घासाला येईना! आता ब्राह्मण कसे बसवू? पानाला तोंड तर लागायला हवं ना."

"ताई, थांबू थोडं. गाडी गेली की येईल ती."

"कधी येईल? लोक खोळंबलेत."

जाळेवाल्याने इतरांकडे पाहिलं. "साहेब, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "आम्ही बघतो. आलोच." मला वाटलं, ते गाडी लांब नेऊन लावणार आहेत. मला खरंच तसं वाटलं, आणि बरं वाटलं. त्याच वेळी गुरुजींनी आतून हाक मारली, "यजमान, या. संकल्प सोडायचाय." मी जाऊन पाटावर बसलो. गुरुजींनी माझ्या ओंजळीत पळीने पाणी घातलं आणि म्हणायला लागले. मी त्यांच्या मागून शब्द म्हणत होतो.

खालून आवाज आला. कुत्र्यावर जाळं पडतं तेव्हा ते भुंकत नाही. एक बारीक, लांबलेला आवाज निघतो, लहान मूल घाबरून रडायच्या आधी श्वास ओढतं तसा. नोकरीत मी तो इतक्यांदा ऐकला आहे की पुस्तकातून मानही वर करत नाही. त्या दिवशी माझ्या ओंजळीत पाणी होतं. ते सोडेपर्यंत उठता येत नव्हतं. गुरुजींचं म्हणणं संपेना.

पाणी सोडून मी गॅलरीत धावलो. या वेळी फटीतून नाही, कठड्यावर ओणवून. नाल्याच्या बाजूने त्यांनी तिला अडवून धरलं होतं आणि जाळ्यासकट पानाशी आणलं होतं. दोघांनी जाळं सैल धरलं होतं, लागू नये म्हणून. एकजण तिच्या मानेवर हात ठेवून बसला होता. जाळेवाला गुडघ्यांवर होता. त्याने वड्याचा तुकडा खिरीत बुडवला होता आणि जाळीतून तो तिच्या तोंडाला लावत होता.

"खा गं माय," तो म्हणत होता. "खा ना. वहिनींचं आहे. घाबरू नको, काय नाय करत. एक घास खा, लगेच सोडतो."

त्याच्या आवाजात इतकी माया होती की ती मला अजून ऐकू येते. खालचीने दात घट्ट मिटले होते. खीर तिच्या नाकावरून ओघळत होती. तिचे डोळे पांढरे दिसत होते. मागे फरशीवर तिचं मूत पसरत पानाखाली जात होतं.

"लागलं!" एकजण वर बघून ओरडला. "ताई, तोंड लागलं!"

माझ्या मागे बहीण येऊन उभी होती. तिने कपाळाला हात लावला. "शिवलं बाई एकदाचं," ती म्हणाली. "सुटली." आणि ब्राह्मणांना वाढायला आत गेली.

त्यांनी जाळं उचललं. खालची क्षणभर तशीच बसून राहिली. मग उठली आणि गेटातून सरळ रस्त्यावर गेली. मागच्या भिंतीकडे नाही, नाल्याकडे नाही. ज्या गेटाबाहेर ती कित्येक वर्षांत गेली नव्हती त्यातून गेली, आणि वळून बघितलं नाही.

चौघे वर आले, हातपाय धुतले आणि पोटभर जेवले. जाळेवाला मला म्हणाला, "वहिनींचं काम झालं साहेब." मी त्याला आग्रहाने आणखी एक वडा वाढला. दुसरं काय करणार? माझ्यावर इतका जीव असलेली माणसं माझ्याजवळ फारशी उरलेली नाहीत.

खालची परत आली नाही. काकू रोज थाळी ठेवत राहिल्या. ती सकाळी कधी रिकामी असायची, कधी भरलेली. रिकामी असली तरी मांजरं आहेत, घुशी आहेत. मी सुट्टीच्या दिवशी शोधायला निघायचो. पण ते शोधणंही विचित्र होतं. मी ज्या गल्लीत शिरेन तिथून कुत्री आधीच निघून जायची. तिला मी दिसलो असतो तर तीही गेली असती. हाक मारायची तर माझी हाक तिने कधी ऐकलेली नव्हती. एकदा मी काकूंना बरोबर घेऊन गेलो. त्या पुढे चालत "यू यू" करत होत्या आणि मी शंभर पावलं मागे. लोक आमच्याकडे बघत होते. काकूंचे गुडघे दुखायला लागले तेव्हा आम्ही रिक्षा करून परत आलो. रिक्षात काकू म्हणाल्या, "अहो, ती म्हातारी झाली होती. कुठेतरी निवांत पडली असेल." मी हो म्हटलं. कुत्र्यांच्या जगात निवांत पडायला जागा कशा मिळतात, हे मला माहीत आहे. प्रत्येक गल्ली कोणाची तरी असते. नव्या कुत्र्याला तिथे उभंसुद्धा राहू देत नाहीत. म्हणूनच तर आम्हाला नियम आहे, जिथून उचललं तिथेच सोडायचं.

काही आठवड्यांनी डोंगराच्या पायथ्याच्या वस्तीतून फोन आला, की एक जखमी कुत्री गटाराच्या कडेला पडली आहे, वास येतोय, घेऊन जा. त्या दिवशी मी गाडीवर नव्हतो. दुपारी केंद्रावर गेलो तर कडेच्या पिंजऱ्यात ती होती. रंग ओळखता येत नव्हता. मी कानावरून ओळखली, आणि तिने मला पायांच्या आवाजावरून. तिला उठता येत नव्हतं, तरी अंग ओढत ती पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीकडे सरकली आणि तोंड फिरवून बसली.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, कामाला चोख. त्यांनी जखमा साफ केल्या होत्या. "ओळखीची आहे का सर?" त्यांनी विचारलं.

"आमच्या जिन्याखालची आहे."

त्यांनी हातमोजे काढले. "चावे खूप खोल आहेत. अळ्या झाल्यात. आणि वय बघता... खाल्लं तर एक-दोन दिवसांत काही सांगता येईल. पण ती तोंडच लावत नाही कशाला."

मी घरी गेलो. भात लावला. बायको लावायची तसा, मऊ, मीठ न घालता. मला तो नीट जमला नाही, खाली लागला. वरचा काढून घेतला, त्यात दही कालवलं. निघताना कपाट उघडून ती साडी घेतली. मनात काय होतं ते सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. मला वाटलं, माझा वास झाकला जाईल आणि तिचा येईल. साडी खांद्यावर घेऊन, हात तिच्यात गुंडाळून मी पिंजऱ्याशी बसलो आणि गजांतून साडीचं टोक आत सोडलं. भात तिच्या तोंडापाशी ठेवला.

खालचीने मान वळवली. बऱ्याच वेळाने. साडीच्या टोकाला नाक लावलं आणि वास घेत राहिली. पदराच्या काठाने, घडीवरून, परत काठाने. तिच्या नाकाच्या त्या हालचालीत मला माझी बायको शोधली जाताना दिसत होती. माझ्याशिवाय आणखी कोणीतरी तिला शोधत होतं.

साडीत काही नव्हतं. साबण, खळ, इस्त्री. आणि कदाचित माझ्या कपाटाचा, म्हणजे माझाच वास. बहिणीने फार स्वच्छ धुतली होती. खालचीने नाक बाजूला केलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

केंद्रावर कुत्र्यांचा भात शिजवणारी एक बाई आहे. ती दारात उभी राहून बघत होती. "साहेब, तुम्ही जा घरी," ती म्हणाली. "तुम्ही बसलात तर ती नाय खायची. मी घालते."

तेच वाक्य. माझ्या घरात रोज ऐकलेलं. मी उठलो, साडीची घडी केली आणि घरी आलो. वरच थांबलो, असं म्हणा.

दुसऱ्या दिवशी पिंजरा रिकामा होता. फरशी फिनेलने धुतलेली, अजून ओली. मेलेली जनावरं नेणारी गाडी सकाळीच येऊन जाते. भात शिजवणारी बाई मला बघून पुढे आली. "गेली साहेब. पण खाल्लंन हां जाताना. चार घास खाल्लेन."

माझं भांडं तिने कोपऱ्यात ठेवलं होतं. दहीभातावर साय धरल्यासारखा पापुद्रा आला होता. एका कडेला मात्र भात उकरल्यासारखा होता, आणि त्यात त्या बाईच्या बोटांच्या खुणा उमटल्या होत्या. मी भांडं उचललं. "बरं झालं," म्हटलं. ती समाधानाने कामाला गेली.

तेव्हापासून मी संध्याकाळी खाली जाऊ शकतो. कोणी अडवत नाही. जिन्याखालची जागा सोसायटीने धुवून घेतली आहे आणि तिथे आता कोणाची तरी जुनी सायकल आहे. मी पायरीवर बसतो, कधी पुस्तक घेऊन. पान उलटत नाही. बायको इथे बसून काय बोलायची, हे ज्याने ऐकलं होतं असा आता कोणी नाही.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. बहिणीचा टिटवाळ्याहून फोन आला होता. काय काय करायचं ते ती सांगत होती. खीर, वडे, घेवडा. "आणि कुत्र्याच्या पानाचं यंदा आधीच बघून ठेव हो," म्हणाली. "मागच्या वेळेसारखी धावपळ नको." मी म्हटलं, "गाईचं आणि कावळ्याचं वाढ. तेवढं पुरे."

काल फेरीवरून परतताना जाळेवाल्याने विषय काढला. गाडी सिग्नलला उभी होती. मागे पिंजऱ्यात सकाळची कुत्री होती, गप्प. "साहेब, वहिनींचं वर्षाचं कधी आहे?" त्याने विचारलं. "आम्ही सगळे येणार. बोलवायला लागत नाय." मग थोडं थांबून, लाजल्यासारखं हसून म्हणाला, "यंदा गाडी लांबच लावू. मागच्या टायमाला मला नंतर लक्षात आलं, कुत्री गाडीला घाबरून पळाली असतील."

मी खिडकीबाहेर बघत होतो. दुकानाच्या पायरीवरचं एक कुत्रं गाडी बघून उठलं आणि भिंतीच्या कडेने निघून गेलं.

"या," मी म्हणालो. "गेटाशी लावलीत तरी चालेल."